प्रेमकथांतल्या मारकुट्या नायकांबद्दल मराठी कथा-ॲपच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी कथा-ॲप चालवणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि मराठी विभागांचे संपादक

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका ॲपने नुकतीच प्रेमकथांची स्पर्धा जाहीर केली. नायक रागीट आणि हट्टी असावा, त्याने नायिकेवर हक्क गाजवावा आणि शेवटी दोघांनी एक व्हावं, अशा सूचना लेखकांना दिल्या होत्या. मी तक्रार पाठवली. तुमच्या वाचकांत दहावी-अकरावीच्या मुली आहेत, स्पर्धा भरवून त्यांच्यासमोर असा नमुना ठेवू नका, एवढंच तीत होतं. उत्तर आलं की कथा काल्पनिक आहेत, आवडत नसतील तर वाचू नयेत. या उत्तरावर गप्प बसणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, पण सगळ्यांच्या देखत. कोणा एका ॲपचं नाव घेत नाही, कारण मी पाहिलेल्या प्रत्येक ॲपवर मुखपृष्ठ वेगळं आणि नायक तोच आहे.

मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलींचं वाचन मला जवळून दिसतं. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, पण ते संध्याकाळी उघडतं आणि त्या वेळी मुलीने बाहेर असणं इथल्या घरांना चालत नाही. पुस्तकांचं दुकान जिल्ह्याच्या ठिकाणी. अशा मुलीपर्यंत तुमची कथा एसटीच्या थांब्यावर, भाकऱ्या थापून झाल्यावर, रात्री पांघरुणात, कुठेही पोचते. त्या मराठीत वाचतात, पुढच्या भागासाठी जीव टांगणीला लावून बसतात, मधल्या सुट्टीत एकमेकींना कथा सांगतात. मराठी शिकवणारी कुणीही बाई याने सुखावेल, मीही सुखावते. काहीजणी तुमच्याकडे लिहितातही. तुमच्या लेखिकांमध्ये दिवसभराचं काम उरकून रात्री अकरा वाजता मोबाइलवर टाइप करणाऱ्या बायका आहेत, ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लेखिका म्हणून हाक मारली. माझा रोख त्यांच्यावर नाही आणि प्रेमकथेवरही नाही. सतराव्या वर्षी प्रेमाबद्दल वाचावंसं वाटणं ही निरोगी गोष्ट आहे, आणि प्रेमकथा हा दुय्यम प्रकार आहे असं मानणाऱ्यांतली मी नव्हे.

ज्यांनी या कथा वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी एक ठोकळ साचा सांगते. नायक तिशीतला, मोठा उद्योजक, बंगला, नोकरचाकर, काळा कोट. नायिका अठराची किंवा त्याहून जेमतेम मोठी, साधी, ‘निरागस’. वडिलांचं कर्ज, बहिणीने मोडलेलं लग्न किंवा कसला तरी सूड अशा कारणाने तो तिच्याशी बळजबरीने लग्न करतो. पहिले वीस-पंचवीस भाग तो तिचा अपमान करतो. मनगट पिरगाळतो, खोलीत कोंडतो, थोबाडीत मारतो. ती कॉलेजच्या एखाद्या मित्राशी बोलली तर त्या मित्राचे हातपाय मोडले जातात आणि हा प्रसंग नायकाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून येतो. मग तिला ताप भरतो. तो रात्रभर उशाशी बसतो, कपाळावर पट्ट्या ठेवतो. तो असा का झाला हे आपल्याला कळतं: लहानपणी आई सोडून गेली, किंवा पहिल्या प्रेयसीने फसवलं. नायिकेला त्याची दया येते, दयेचं प्रेम होतं, आणि दीडशेव्या भागात त्यांना जुळी मुलं होतात. ज्या गोष्टींसाठी तो तुरुंगात असायला हवा होता त्या गोष्टींचा तोवर कुणाला पत्ताही उरलेला नसतो.

आता तुमच्या बचावाकडे येते: मुलींना कथा आणि आयुष्य यातला फरक कळतो. हे मी वर्गात विचारून पाहिलं आहे आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आपल्या गावात कोट्यधीश येणार नाही, तेवढं आम्हाला समजतं.” सगळ्या हसल्या. बंगला, हेलिकॉप्टर, माफिया, हे सगळं त्या खोटं म्हणूनच वाचतात. पण त्याच मुलींशी दुसऱ्या एका तासाला मैत्रीबद्दल बोलणं निघालं. मुलगा मैत्रिणीच्या मोबाइलचा पासवर्ड मागत असेल तर? काही म्हणाल्या, मागणारच, विश्वास असेल तर द्यायला काय हरकत. तिने कुणाशी बोलायचं हे तो ठरवत असेल तर? काळजी असते म्हणून ठरवतो. एका दुपारी तीस-चाळीस फोन करत असेल तर? “ज्याला फरक पडत नाही तो कशाला करेल, मॅडम?”

माझं सगळं म्हणणं इथे आहे. कथेतला मोठा खोटेपणा मुली गाळून टाकतात, लहान गोष्टी आत शिरतात. हेलिकॉप्टर उघडउघड खोटं असल्यामुळे त्याच्या शेजारी ठेवलेला पासवर्ड साधा आणि खरा वाटतो. हेलिकॉप्टरवाला नवरा कुणालाच मिळत नाही. पासवर्ड मागणारा, ओढणी नीट घे म्हणणारा, मावसभावाशी बोललीस म्हणून दोन दिवस अबोला धरणारा मुलगा प्रत्येक गावात आहे. तो भेटला की मुलीला वाटतं, हे तर आपण वाचलंय, यालाच प्रेम म्हणतात. आणि पुढचंही तिने वाचलेलं असतं: आपण सोसलं, समजून घेतलं, की तो बदलतो.

हे सगळं तुमच्या कथांनीच शिकवलं असा माझा दावा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बायकांना आणि पुरुषांना विचारलं होतं की न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलट बोलणं, शरीरसंबंधाला नकार देणं अशा सात कारणांपैकी एखाद्या कारणाने नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. ४५ टक्के स्त्रिया हो म्हणाल्या, पुरुष ४४ टक्के. यातल्या बहुतेक बायकांनी तुमचं ॲप कधी उघडलंही नसेल. घर, शेजार, सिनेमा, दूरचित्रवाणी, सगळ्यांचा यात वाटा आहे. पण ज्या घरात हे आधीच मान्य आहे त्या घरातली मुलगी तुमची कथा वाचते. दुसरं काही असू शकतं हे तिला जिथे कळू शकलं असतं, तिथेही तेच गोड करून समोर येतं.

शास्त्रीय पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. अतिशयोक्ती न करता सांगते. २०१४ साली अमेरिकेत एमी बोनोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते २४ वयाच्या ६५५ तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकी गाजवणाऱ्या नायकाच्या एका जगप्रसिद्ध कादंबरीमालिकेच्या वाचकांमध्ये, शिवीगाळ करणारा किंवा पाळत ठेवणारा जोडीदार वाट्याला आलेल्या मुलींचं प्रमाण न वाचणाऱ्यांपेक्षा अधिक होतं. आधी पुस्तक की आधी तसा जोडीदार, हे त्या अभ्यासातून ठरवता येत नाही, हे संशोधकांनीच म्हटलं आहे. जेनिस रॅडवे यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या एका शहरातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं, ते माझ्या बाजूचं आणि तुमच्याही बाजूचं आहे. त्या बायकांसाठी वाचन म्हणजे नवरा-मुलांच्या मागण्यांपासून स्वतःसाठी काढलेला वेळ होता, आणि क्रूर नायकाच्या कथा त्यांना आवडत नसत. पण रॅडवे यांनी हेही दाखवलं की या कथा पुरुषाचा तुसडेपणा, त्याची दांडगाई म्हणजे दडवलेलं प्रेमच, असं वाचायला शिकवतात. त्यांतल्या बहुतेक बायका लग्न झालेल्या, संसाराचा अनुभव असलेल्या होत्या. सोळा वर्षांच्या मुलीकडे तुलना करायला काहीच नसतं.

तिसरा अभ्यास मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांचा, चित्रपटांवरचा. पुरुषाचा पाठलाग भीतीदायक म्हणून दाखवणारा चित्रपट पाहिलेल्या बायकांमध्ये पाठलागाची पाठराखण करणाऱ्या समजुती कमी झाल्या. तोच पाठलाग गोड प्रेम म्हणून दाखवलेला चित्रपट ज्यांना खरा वाटला त्यांच्यात त्या वाढल्या. तुमच्या लेखिकांना मी हे नेहमी सांगते. वाईट माणूस दाखवू नका असं कुणी म्हणत नाही. तो कसा दाखवता, यावर वाचणारीच्या मनात काय उरतं ते ठरतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार तुमच्या शिफारशींच्या यंत्राबद्दल, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. पूर्वी मुलगी असं एखादं पुस्तक वाचायची, परत करायची, पुढचं वेगळं निघायचं. वाचनालयातल्या बाई हातात दुसरं काही ठेवायच्या. तुमच्याकडे बळजबरीच्या लग्नाची एक कथा वाचली की तशाच दहा समोर येतात. ‘पझेसिव्ह’, ‘ॲरोगंट’, ‘जबरदस्तीचं लग्न’ असे टॅग लावून तुम्ही त्या एका ओळीत मांडता. ऐन अभ्यासाच्या वेळी मोबाइलवर सूचना येते: “त्याने तिचा गळा धरला आणि म्हणाला, तू फक्त माझी आहेस...” ही सूचना लेखिका पाठवत नाही, तुम्ही पाठवता. एखादी कथा हा लेखिकेचा विचार असू शकतो. त्याच कथेच्या शंभर आवृत्त्या एका मुलीसमोर रोज मांडत राहणं हा धंद्याचा निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी तुमची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे. बालकांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करणं याला त्यात मनाई आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने कुठल्या भागावर किती वेळ घालवला हे टिपून तिला पुढची कथा सरकवणं या कायद्याच्या हेतूत कसं बसतं, याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं.

दुसरी, वयाबद्दल. जन्मतारीख काहीही टाका, ॲप उघडतं. ओटीटीवरच्या मालिकेला २०२१ च्या नियमांनुसार वयोगटाचा शिक्का दाखवावा लागतो. मजकुरात हिंसा आहे का, हे आधी सांगावं लागतं. तुमच्या लिखित कथेवर मला असा शिक्का दिसलेला नाही. ‘रोमँटिक’ एवढं एकच नाव, आणि त्या नावाखाली पहिल्या पावसातली हळवी गोष्टही असते आणि बायकोला कोंडून ठेवणाऱ्याचीही.

तिसरी तक्रार क्रमशः चालणाऱ्या कथेच्या घडणीची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मारहाण होणाऱ्या बायकांच्या अनुभवांतून एक चक्र मांडलं: ताण वाढत जातो, स्फोट होतो, मग माफी आणि लाड, आणि पुन्हा ताण. बाई त्या घरात अडकते ती मुख्यतः माफी आणि लाडांच्या दिवसांमुळे, कारण तेव्हा तिला वाटतं की खरा माणूस हाच. तुमच्या कथांचे भाग याच चक्रावर बेतलेले असतात. भाग थपडेवर संपतो, पुढचा भाग माफीने सुरू होतो, आणि मधल्या वेळात वाचणारी तळमळते. काही ठिकाणी तो माफीचा भाग लगेच वाचायचा तर पैसे भरावे लागतात. प्रत्यक्ष आयुष्यातली बाई ज्या आशेवर थांबते त्या आशेचीच किंमत तुम्ही वाचणारीकडून घेता, असं मला वाटतं. हे वाक्य मी विचार करून लिहिलं आहे.

इथे थोडं विषयांतर करते, पण ते आवश्यक आहे. क्रमशः कथा हा प्रकार मराठीला नवा नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः लिहिली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने स्वतःची कहाणी सांगते. तीत सासरचा जाच आहे, अपमान आहे, वैधव्य आहे, केशवपन आहे, सगळं आहे, आणि वाचकही पुढच्या अंकाची वाट पाहत होते. पण छळाला छळच म्हटलेलं आहे. त्याच्याही आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ या निबंधात, बायकांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत किती आहेत ते एकेक करून मोजून दाखवलं. ज्या भाषेत हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लिहिलं गेलं, त्या भाषेतली मुलगी आज थप्पड आणि प्रेम एकाच परिच्छेदात वाचते. मराठीची शिक्षिका म्हणून मला हे फार लागतं.

चौथी तक्रार कायद्याची. नकार मिळाल्यावरही स्त्रीचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, ती इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवणं, हा २०१३ पासून भारतात गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमच्या कथांत याच कृतीने प्रेमाची सुरुवात होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो. तुमच्या कथांत तो पहिल्या पंचवीस भागांचा मजकूर असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर जोडीदाराला सतत ताब्यात ठेवणं, मित्रमैत्रिणींपासून तोडणं, प्रत्येक हालचालीचा हिशेब मागणं हा २०१५ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला आहे, एकही फटका मारलेला नसला तरी. आणि लग्नातली बळजबरी! पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर आपला कायदा आजही नवऱ्याच्या बळजबरीला बलात्कार म्हणत नाही. जिथे कायदाच तिच्या मागे पुरता उभा नाही, तिथे “नको म्हणत होती, पण मनातून तिला हवं होतं” हे वाक्य लिहिणं आणि छापणं किती जड आहे याचा विचार करा. माझ्या विद्यार्थिनींपैकी काहींची लग्नं बारावीच्या निकालाआधी ठरतात. ते वाक्य त्यांच्याबरोबर सासरी जातं.

आणि नकार मिळालेला पुरुष काय करू शकतो हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला परीक्षेच्या केंद्रात जाळलं गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजवर शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं आणि आठवड्याभरात तिचा मृत्यू झाला. या मुली ‘नाही’ म्हणाल्या होत्या. कथेने हे खून घडवले असं मी म्हणत नाही. पण ‘नाही’ म्हणजे ‘अजून थोडा प्रयत्न कर’ असं सांगणारी प्रत्येक गोष्ट मला या दोन घटनांनंतर निरुपद्रवी वाटत नाही. तुमच्या कथा मुलगेही वाचतात.

पाचवी तक्रार लहान आहे. वाचक प्रतिक्रियांमध्ये एखादी मुलगी लिहिते, “माझा नवरापण असाच आहे, तो कधी बदलेल?” त्याखाली लेखिकेचं बदाम आणि “धीर धर, वाचत राहा” एवढं उत्तर असतं. तुमच्या कंपनीतलं कुणीही ते वाचत नाही. मी अशा प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. ती मदत मागते आहे.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, मग बंदी घाला. मी बंदीच्या विरुद्ध आहे आणि हे पालकांनीही नीट वाचावं. आमच्याकडे मुलीच्या बाबतीत काहीही कळलं की पहिल्यांदा तिचा मोबाइल जातो, मग कॉलेज जातं, मग स्थळं पाहिली जातात. हे पत्र दाखवून कुणी मुलीचं वाचन बंद केलं तर ते माझ्या हेतूच्या थेट उलट होईल. प्रेमाबद्दल तिला दुसरीकडे कुठे काही कळू दिलंय आपण? २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम अडवला. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत सांगितली. माझ्या वर्गात आजही जीवशास्त्राचा तो धडा घरी वाचून या म्हणून सांगितला जातो. घरात आई बोलत नाही, शाळेत बाई बोलत नाहीत, मंदिरात-कीर्तनात पतिव्रतेच्या गोष्टी. उरतो मोबाइल. तुम्ही न मागता तुमच्याकडे शिक्षकाचं काम आलं आहे, आणि तेच तुमच्या जबाबदारीचं कारण आहे.

“आम्ही फक्त जागा देतो, लिहितात लेखक” हे उत्तरही मी ऐकलं आहे. तुम्ही स्पर्धा भरवता, विषय ठरवता, बक्षीस देता, कोणती कथा पहिल्या पानावर यायची ते ठरवता, सूचना पाठवता, भाग कुलूपबंद करून पैसे घेता. हे संपादकाचं काम आहे. एका लेखिकेने मला सांगितलं की तिच्या नायिकेने मार खाल्ल्यावर पोलिसात तक्रार दिली, तर वाचकसंख्या घसरली आणि तिची कथा पहिल्या पानावरून गेली. पुढच्या कथेत तिने नायिकेला माफ करायला लावलं. तिला दोष कसा देऊ? तिच्या घराचा किराणा त्या पैशांतून येतो. जे यंत्र माफीला बक्षीस आणि तक्रारीला शिक्षा देतं ते तुमचं आहे.

म्हणून माझ्या मागण्या, साध्या शब्दांत.

प्रत्येक कथेच्या मुखपृष्ठावर वयोगट आणि मजकुराची पूर्वसूचना असावी: शारीरिक हिंसा, लैंगिक बळजबरी, पाठलाग, कोंडून ठेवणं. ही सूचना ‘डार्क रोमान्स’ अशा आकर्षक नावाने नको, सरळ मराठीत हवी, म्हणजे वाचणारीला त्या कृत्याचं नावही कळेल.

१८ वर्षांखालच्या वाचकांना अशा कथांची शिफारस आणि सूचना पाठवणं बंद करावं. कुणी स्वतः शोधून वाचली तर वाचू दे. यंत्राने हातात ठेवू नये.

हिंसा करणारा नायक हा स्पर्धेचा विषय म्हणून पुन्हा देऊ नये. स्पर्धा घ्यायच्याच असतील तर नकाराचा मान राखणाऱ्या नायकावर घ्या, भांडण झाल्यावर हात न उचलणाऱ्यावर घ्या, मुलीनेच सोडून दिलेल्या नात्यावर घ्या. अशा कथा कंटाळवाण्या होतात हा समज आहे. दोन माणसांनी एकमेकांना ओळखत जाण्यात पुरेशी ओढ असते, आणि माझ्या मुलींनी वर्गात लिहिलेल्या कथा मी त्यासाठी पुराव्यादाखल देऊ शकते.

लैंगिक बळजबरीचं वर्णन नायिकेच्या सुखाचा प्रसंग म्हणून प्रसिद्ध करू नये. नायिका अल्पवयीन असेल तर मुळीच नाही. इथे मी तडजोड करायला तयार नाही.

हिंसेचे प्रसंग असलेल्या भागाच्या शेवटी महिला हेल्पलाइन १८१, चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक द्यावेत, आणि प्रतिक्रियांमध्ये मदत मागणाऱ्या वाचकाला उत्तर देणारा मराठी जाणणारा माणूस नेमावा. मराठी वाचकांकडून पैसे येतात, तर हा एक पगार त्यातून निघायला हवा.

लेखिकांसाठी कार्यशाळा घ्याव्यात. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांवर काम करणाऱ्या समुपदेशकांना बोलवा, वकिलांना बोलवा. रागीट, जखमी, अवघड पुरुष कसा लिहावा हे त्या बायकांना शिकायचं आहे, मी त्यांच्याशी बोलले आहे. आणि तक्रारीचं दृश्य लिहिणाऱ्या लेखिकेची कथा पहिल्या पानावरून खाली जाणार नाही याची हमी द्या.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, हे एका महिन्याच्या आत तुमच्या ॲपवरच, मराठीत, सगळ्या वाचकांना दिसेल असं जाहीर करावं. मला खाजगी उत्तर नको.

हे पत्र मी पाठवण्याआधी बारावीच्या मुलींना वाचून दाखवलं. काही गोष्टी त्यांना पटल्या नाहीत. त्यांच्या मते वयाची अट लावली तर मुली मोठ्या बहिणीच्या नावाने वाचतील, आणि ती अडचण खरी आहे. त्यांनी तुमच्यासाठी स्वतःचे प्रश्न दिले आहेत, ते त्यांच्याच शब्दांत खाली देते. उत्तरं त्यांना हवी आहेत.

नायिका त्याला सोडून गेली तर कथा तिथेच का संपते?

तिच्या आई-बाबांना काहीच का कळत नाही?

नायकाने सॉरी म्हटल्यावर ज्या मित्राचे हातपाय मोडले त्याचं काय झालं?

नायिका शिक्षण सोडते, मग पुढे कधी पूर्ण करते?

आपली,
तालुक्याच्या गावातली एक मराठीची शिक्षिका